त्राटिकेचा नवरा

रंगभूमीवरील खलपुरुषाचा न्याय करणे प्रेक्षकाला अवघड जात नाही. तो प्रवेश करतो तोच मुळी आरोपीच्या पिंजऱ्यातून आल्यासारखा, आणि शेवटच्या अंकात त्याला शिक्षाही होते. अवघड असते ते आपल्याला हसविणाऱ्या माणसाचा न्याय करणे. ज्याने दोन घटका करमणूक केली त्याच्याविरुद्ध साक्ष द्यावयास मन धजत नाही. इंग्रजी रंगभूमीवर असा एक नवरा चारशे वर्षांहून अधिक काळ प्रेक्षकांना हसवीत आला आहे. त्याचे नाव पेट्रुशिओ. शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या सुखान्तिकेचा तो नायक. मराठी रंगभूमीने त्याला प्रतापराव हे नाव देऊन घरात घेतले आणि त्याच्या बायकोला 'त्राटिका' म्हटले. या अरेराव नवऱ्याचे गुण कोणते, दोष कोणते, आणि जमाखर्च केल्यावर त्याच्या पदरी काय उरते, हे येथे पाहण्याचा आमचा विचार आहे. आमचा व्यवसाय वकिलीचा, म्हणून ही परीक्षा थोडी कोर्टाच्या अंगाने जाईल. पण विषय लग्नाचा आहे, आणि लग्नाचा व कोर्टाचा संबंध वाचकांना अगदीच अपरिचित नसावा.

प्रथम या नवऱ्याचे कुळ पाहू. हे नाटक १५९० ते १५९२ च्या सुमारास लिहिले गेले असावे असे विद्वान मानतात. १५९४ मध्ये जवळजवळ त्याच नावाचे एक निनावी नाटक छापले गेले. त्या दोहोंचे नाते काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आज आपण वाचतो ती संहिता १६२३ च्या 'फर्स्ट फोलिओ' या संग्रहातील. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे उपकथानक इटालियन कवी आरिओस्तो याच्या १५०९ च्या नाटकातून, जॉर्ज गॅस्कॉइनने १५६६ मध्ये केलेल्या इंग्रजी रूपांतराच्या वाटेने आले. कर्कशा बायकोला वठणीवर आणण्याचा मुख्य विषय मात्र पंडितांचा नव्हे. तो बाजारातल्या गोष्टींचा आणि तेथे विकल्या जाणाऱ्या कथागीतांचा आहे. १५५० च्या सुमारास इंग्लंडात छापल्या गेलेल्या अशा एका कथागीतातील नवरा बायकोला रक्त निघेपर्यंत झोडपतो आणि मारलेल्या घोड्याच्या मीठ लावलेल्या कातड्यात तिला गुंडाळून ठेवतो. असल्या गोष्टी ऐकून हसणाऱ्या लोकांपुढे पेट्रुशिओ उभा राहिला. त्याची उंची मोजताना हा गज हाती ठेवला पाहिजे.

कथानक थोडक्यात असे. पडुआ शहरातील बॅप्टिस्टा या धनिकाला दोन मुली. थोरली कॅथरिना तोंडाची फटकळ आणि प्रसंगी हात उगारणारी; धाकटी बियांका गोडबोली. थोरलीचे लग्न झाल्याखेरीज धाकटीचे करावयाचे नाही असा बापाचा निश्चय. बियांकेला मागणी घालणारे पुष्कळ. कॅथरिनेकडे कोणी फिरकत नाही. अशा वेळी व्हेरोनाहून पेट्रुशिओ येतो. त्याचा बाप वारलेला, इस्टेट हाती आलेली, आणि श्रीमंत बायको मिळवावयाची हा हेतू त्याने उघड बोलून दाखविलेला. वीस हजार क्राउन रोख आणि सासऱ्याच्या पश्चात निम्मी जमीन, असा हुंडा ठरतो. लग्नाच्या दिवशी हा वर उशिरा व फाटक्यातुटक्या विचित्र वेषात येतो, चर्चमध्ये धर्मगुरूलाच ठोसा लगावतो, आणि लग्नाच्या पंगतीला न बसता नवरीला घेऊन चालू लागतो. घरी पोचल्यावर मांस करपले म्हणून ताटे फेकून देतो, बिछाना नीट नाही म्हणून तिला रात्रभर झोपू देत नाही, शिंप्याने शिवून आणलेला झगा परत पाठवितो, आणि हे सारे तुझ्याच काळजीपोटी चालले आहे असे वर म्हणतो. माहेरच्या वाटेवर तो तिला भर दिवसाच्या सूर्याला चंद्र म्हणावयास लावतो. शेवटी सासरवाडीच्या मेजवानीत तीन नवरे पैज लावतात: ज्याची बायको निरोप जाताच येईल तो जिंकला. दोघांच्या बायका येत नाहीत. कॅथरिना येते, आणि पत्नीने पतीच्या आज्ञेत का राहावे यावर नाटकातील सर्वांत लांब भाषण करते.

आता त्याचे गुण. बचावाचा वकील म्हणून उभे राहावयाचे तर पेट्रुशिओची बाजू दुबळी नाही.

त्याचा पहिला गुण उघडेपणा. या नाटकात बहुतेक प्रत्येक जण सोंग घेऊन वावरतो. बियांकेचा प्रियकर शिक्षक बनतो, त्याचा नोकर मालक बनतो, दुसरा एक उमेदवार गाण्याचा मास्तर बनतो, आणि बाप म्हणून एक परका म्हातारा उभा केला जातो. पेट्रुशिओ तेवढा आपल्या खऱ्या नावाने येतो आणि आपला लोभही झाकून ठेवीत नाही. हुंड्यावर डोळा ठेवून प्रीतीच्या गोष्टी बोलणारे वर सर्व काळी असतात. हा निदान तसे करीत नाही.

दुसरा गुण असा की, तो कॅथरिनेकडे लक्ष देतो. बापाला ती न खपलेला माल वाटते, गावाला ती संकट वाटते. तिच्याशी शब्दाला शब्द भिडवून बराच वेळ बोलणारा पहिला मनुष्य पेट्रुशिओ होय. दोघांचा पहिला प्रवेश वाचताना ही जोडी बुद्धीने समान आहे हे कोणाच्याही ध्यानात येते. तिचा राग हा वाया गेलेल्या बुद्धीचा राग आहे, हे त्यालाच प्रथम उमगलेले दिसते.

तिसरा गुण व्यवहारातील उदारपणाचा, आणि तो वकिलाच्या नजरेतून सुटू नये. हुंडा मागताच तो उलट असे देऊ करतो की, आपल्या पश्चात ती मागे राहिली तर आपल्या साऱ्या जमिनी आणि पट्टे तिचे. आणि हे सर्व तोंडी न ठेवता लेखी करून घेऊ. विधवेच्या निर्वाहाची तजवीज लग्नाआधी कागदावर आणणारा वर आमच्या समाजातही दुर्मिळच होता.

चौथा गुण त्या गजाने मोजावयाचा. पहिल्या भेटीत कॅथरिना त्याला मारते. तो दम देतो, पण तिच्यावर हात टाकीत नाही. पुढेही नाटकभर टाकीत नाही. कथागीतातील काठी आणि घोड्याचे कातडे आठवले म्हणजे ही मजल लहान नाही हे पटेल. शिवाय ती उपाशी राहते त्या रात्री तोही उपाशी राहतो, ती जागते तेव्हा तोही जागतो. स्वतः तुपाशी खाऊन दुसऱ्याला उपास घडविणाऱ्यांपेक्षा हा बरा.

येथपर्यंत बचाव. आता उलटतपासणी.

लग्न ठरविताना बॅप्टिस्टा एक अट घालतो. कागदपत्रे करू, परंतु आधी मुलीचे प्रेम मिळव. सारे काही त्यावर आहे, असे तो म्हणतो. संपूर्ण नाटकात या बापाने काढलेले शहाणपणाचे उद्गार एवढेच. पण अट पुरी झाली काय, हे तो मुलीला विचारीत नाही. पेट्रुशिओ सांगतो की, ती एकांतात राजी झाली आहे. लोकांसमोर मात्र तिने कर्कशाच राहावे असे आमचे आपसात ठरले आहे. कॅथरिना तिथल्या तिथे म्हणते की, त्यापेक्षा तुला फासावर गेलेला पाहीन. तरीही हातात हात दिला जातो, आणि बियांकेच्या दारी खोळंबलेले दोन उमेदवार आनंदाने साक्षीदार होतात. ज्यांचा स्वार्थ या लग्नात गुंतला आहे तेच साक्षीदार, आणि जिची संमती हवी तिचा नकार कोणाच्या कानी नाही! आमच्या स्मृतिकारांनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले आहेत. बाहेरून पाहता हा विवाह ब्राह्म दिसतो, कारण पित्याने कन्या दिली आहे. परंतु पंगत टाकून, खोटीखोटी तलवार उपसून नवरीला नेण्याचा देखावा राक्षस विवाहाला शोभणारा आहे.

त्या वेळी तो जे बोलतो त्यात त्याचा दुसरा दोष आहे. आपली बायको म्हणजे आपली मालमत्ता, असे सांगून तो तिला घर, घरातले सामान, शेत, कोठार, घोडा, बैल आणि गाढव यांच्या यादीत बसवितो. हा विनोद आहे खरा, पण हवेतला नव्हे. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे; तिची जंगम मालमत्ता पतीची होई आणि तिला स्वतंत्रपणे करार करता येत नसे. ही स्थिती पुरेशी पालटण्यास इंग्लंडात १८७० आणि १८८२ चे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे यावे लागले. पेट्रुशिओ थट्टा करीत असेल; कायदा थट्टा करीत नव्हता.

तिसरा दोष त्याच्या पद्धतीचा, आणि तिची कबुली त्याने स्वतःच दिली आहे. प्रेक्षकांशी एकान्तात बोलताना तो सांगतो की, शिकारी पाखरू माणसाळविण्याची जी रीत तीच आपण वापरीत आहोत: पोट भरू द्यावयाचे नाही, डोळा लागू द्यावयाचा नाही. येथे बचावाचा चौथा मुद्दा ढासळतो. ससाणा पाळणारेही ससाण्याला मारीत नाहीत, कारण मारलेले पाखरू निकामी होते. त्यांच्या रीतीतही पाळणारा पाखराबरोबर रात्र जागून काढतो, आणि त्या जागरणाला कोणी त्याचा त्याग म्हणत नाही. शिवाय हाच मनुष्य आपल्या नोकरांना मात्र सर्रास बडवितो. बायकोवर हात न टाकणे ही त्याची कोमलता नव्हे, तो त्याचा हिशेब आहे.

चौथा दोष आम्हांला सर्वांत जड वाटतो. उपास सोसता येतो, जागरण सोसता येते. परंतु दिसत असलेल्या सूर्याला चंद्र म्हण, आणि मी शब्द फिरवला की पुन्हा सूर्य म्हण, ही मागणी साक्षीवर घाला घालते. कॅथरिना थकून म्हणते की, तुम्ही म्हणाल ते; मेणबत्ती म्हणालात तरी माझ्या लेखी ती मेणबत्ती. प्रेक्षक येथे हसतात, आणि पेट्रुशिओला वाटते आपण जिंकलो. आमच्या मते तो नेमका येथेच हरतो.

हे कसे, ते पाहण्यासाठी शेवटच्या भाषणाकडे वळू. ते भाषण खरे की खोटे? काही नटी ते मनोभावे बोलतात, काही उपरोधाने, काही मोडून पडलेल्या स्त्रीच्या आवाजात. १९२९ च्या बोलपटात मेरी पिकफर्डने ते बोलता बोलता बहिणीकडे पाहून डोळा मिचकावला होता. संहिता यांपैकी कोणालाच अडवीत नाही. समीक्षक या प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या भांडत आले आहेत. कायद्याला मात्र हा प्रश्न ओळखीचा आहे. आमच्या १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे जबरदस्तीने वा गैरवाजवी दबावाने मिळविलेली संमती स्वतंत्र संमती नव्हे. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालविण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार उघड अन्यायाचा दिसत असेल, तर संमती मोकळेपणाने दिली होती हे शाबित करण्याचा बोजा हुकमत असणाऱ्यावरच पडतो. त्याच वर्षीच्या पुराव्याच्या कायद्यात अधिकाराच्या जागेवरील माणसाने धाकाने वा आमिषाने काढलेला आरोपीचा कबुलीजबाब ग्राह्य धरला जात नसे, आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. हे नियम करारांचे आणि फौजदारी खटल्यांचे आहेत, संसाराचे नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला अनुभव संसारालाही लागू आहे: भुकेल्या माणसाच्या 'हो'चा अर्थ लावता येत नाही.

आता पेट्रुशिओवर पुराव्याचा बोजा टाकून पाहू. कॅथरिना आपल्यावर प्रेम करते, आपल्याला मानते, हे तो कशाने शाबित करणार? तिच्या शब्दांनी? तिला सूर्याला चंद्र म्हणावयास त्यानेच शिकविले. तिच्या कृतीने? भूक लागली की हातावर येऊन बसण्याची सवय त्यानेच लावली. त्याच्याजवळचा प्रत्येक पुरावा त्याने स्वतःच नासविला आहे. कदाचित कॅथरिना खरोखरच त्याच्यावर अनुरक्त झाली असेल. नाटकात तशा खुणा आहेत, आणि भर रस्त्यात तिने दिलेले चुंबन ही त्यांपैकी एक. पण झाली असली तरी ते जाणण्याचा मार्ग त्याच्यापाशी उरलेला नाही. अरेराव नवऱ्याची खरी उणीव ही होय. त्याला आज्ञापालन मिळते, पैजेचे पैसे मिळतात, सासरा आनंदून आणखी वीस हजार क्राउन देतो; परंतु जी गोष्ट मागून मिळावयाची ती त्याने हिसकावल्यामुळे, ती मिळाली की नाही हे त्याला कळण्याजोगे राहत नाही.

ही शंका आजच्या काळाने शेक्सपिअरवर लादलेली आहे असे कोणी म्हणेल, तर इतिहास त्याच्या विरुद्ध आहे. १६११ च्या सुमारास, शेक्सपिअर हयात असतानाच, जॉन फ्लेचरने या नाटकाचा उत्तरार्ध लिहिला. त्यात कॅथरिना मरण पावली आहे, पेट्रुशिओने मारिया नावाच्या स्त्रीशी दुसरे लग्न केले आहे, आणि ती शयनगृहाचे दार लावून घेऊन या माणसाळविणाऱ्यालाच माणसाळविते. फ्लेचरच्या नाटकात कळते की, पहिला संसार अखेरपर्यंत भांडणाचाच होता. म्हणजे समकालीन लेखकालाही शेवटच्या भाषणावर भरवसा नव्हता. १६३३ च्या नोव्हेंबरात राजा पहिला चार्ल्स याच्या दरबारी ही दोन्ही नाटके दोन दिवसांच्या अंतराने झाली. दरबारी करमणुकीचे अधिकारी सर हेन्री हर्बर्ट यांनी नोंद केली आहे की, पहिले आवडले आणि दुसरे फारच आवडले. १७५४ मध्ये डेव्हिड गॅरिकने मूळ नाटक कापूनकुपून तीन अंकांत बसविले आणि नवऱ्याला शेवटी थोडे सौम्य केले. जवळजवळ शतकभर इंग्रजी रंगभूमीवर तेच चालले. मूळ संहिता १८४४ मध्ये लंडनच्या हेमार्केट थिएटरात परतली, आणि १८९७ मध्ये बर्नार्ड शॉ यांनी लिहिले की, शेवटचा प्रवेश आधुनिक मनाला किळसवाणा वाटतो. तेव्हा या नवऱ्याच्या विजयाबद्दलची अस्वस्थता त्या विजयाइतकीच जुनी आहे.

आता आमच्या घराकडे वळू. १८९१-९२ च्या सुमारास वासुदेव बाळकृष्ण केळकर यांचे 'त्राटिका' हे रूपांतर मराठीत आले. केळकर हे पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींपैकी, टिळक-आगरकरांचे सहकारी आणि इंग्रजीचे जाणते अध्यापक. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांचा प्रतापराव गाजला. ज्या नटाने 'विकारविलसिता'तील हॅम्लेट उभा केला त्याच्याच वाणीने हा नवरा बोलू लागला, यावरून त्याचे वजन ध्यानात येईल. एक साम्य येथे नोंदविण्यासारखे आहे. शेक्सपिअरच्या रंगभूमीवर कॅथरिनेचे काम मुलगे करीत, आणि आमच्या रंगभूमीवरही तेव्हा त्राटिकेचे काम पुरुषच करीत. पत्नीधर्माचे ते व्याख्यान दोन्हीकडे पुरुषाने लिहिले, पुरुषाने उच्चारले, आणि ऐकणारेही बहुसंख्य पुरुषच.

प्रेक्षक हसत होते त्याच काळात कोर्टात काय चालले होते? मुंबईत १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून दावा लावला होता. लग्न तिच्या अकराव्या वर्षी झालेले. तिच्या संमतीचा प्रश्नच कधी आला नव्हता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद भोग. रखमाबाईने कैद पत्करू असे सांगितले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. पुढे रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेस दीर्घकाळ सेवा केली. या खटल्याने महाराष्ट्र दुभंगला. केळकरांच्या सहकाऱ्यांतही टिळक एका बाजूस आणि आगरकर दुसऱ्या बाजूस होते. 'त्राटिके'चे प्रेक्षक हा वाद ताज्या आठवणीत घेऊनच नाटकाला येत असले पाहिजेत.

योगायोग असा की, इंग्लंडातही त्याच वेळी पेट्रुशिओ कोर्टात उभा होता. मार्च १८९१ मध्ये लँकेशरमधील क्लिथरो गावी जॅक्सन नावाच्या गृहस्थाने, नांदण्याचा हुकूमनामा हाती असताना, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या आपल्या बायकोला दोन सोबत्यांच्या मदतीने गाडीत घालून नेले आणि घरात कोंडून ठेवले. अपील कोर्टाने निकाल दिला की, पतीला पत्नीस कोंडण्याचा अधिकार नाही, आणि ती मुक्त झाली. चर्चच्या दारातून नवरी नेण्याचा जो प्रवेश तीनशे वर्षे टाळ्या घेत होता, तो कोर्टात येताच बेकायदा ठरला. शेक्सपिअरच्या देशात कायद्याने प्रतापरावाचा हात धरला, आणि जवळपास त्याच वेळी आमच्या रंगभूमीवर प्रतापरावाने पहिली टाळी घेतली.

केळकरांनी निवडलेल्या नावातही एक गंमत आहे, आणि पुराणश्रवणाची गोडी असणाऱ्या वाचकांना ती विशेष पटेल. त्राटिका म्हणजे रामाने मारलेली राक्षसी, एवढेच आपण लक्षात ठेवतो, आणि भांडकुदळ बाईला ते नाव चिकटवून मोकळे होतो. परंतु वाल्मीकींच्या बालकाण्डात तिची पूर्वकथा आहे. ती सुकेतु यक्षाची कन्या, सुंदाची पत्नी. अगस्त्यांच्या शापाने सुंद मेला, तेव्हा ती मुलासह त्यांच्यावर धावून गेली आणि शापाने राक्षसी झाली. तिचा क्रोध निष्कारण नव्हता. तो विधवेचा क्रोध होता. तिच्याशी लढताना प्रत्यक्ष रामाचा हात स्त्री म्हणून आधी अडखळला आणि विश्वामित्रांना त्याची समजूत घालावी लागली. कॅथरिनेचीही अशीच पूर्वकथा नाटकात आहे. तिच्यासमोर बाप धाकटीची वरात काढण्याच्या गोष्टी करतो, परके लोक तिच्या तोंडावर तिला सैतान म्हणतात. रागावण्याचे कारण पुसून टाकले की, राग तेवढा स्वभाव म्हणून शिल्लक राहतो, आणि मग स्वभावावर औषध शोधणाऱ्याला लोक पराक्रमी म्हणतात.

याच काळात दुसराही एक नवरा मराठीत आला, आणि तो आमच्या उत्सवांच्या रंगमंडपात प्रतापरावापेक्षा अधिक रुळला. गोविंद बल्लाळ देवलांचा फाल्गुनराव १८९३ मध्ये गद्यात अवतरला आणि १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' होऊन अजरामर झाला. तोही बायकोला छळतो, पण नाटककार त्याच्याच फजितीवर हसवितो आणि शेवटी त्याला आपला संशय गिळावयास लावतो. देवलांचा नवरा हास्याचा विषय आहे. केळकरांचा नवरा हास्याचा धनी आहे. हसविणारा कोण आणि हसले कोणावर, हे तपासून पाहण्याची सवय प्रेक्षकाने लावून घेतली, तर नाटकाची मजा मुळीच कमी होणार नाही.

कायदा तेव्हापासून बराच पुढे आला आहे. नांदावयास न येणाऱ्या पत्नीला कैदेत टाकण्याची तरतूद आमच्याकडे १९२३ मध्ये गेली. नांदण्याच्या दाव्याची तरतूद मात्र हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात १९५५ मध्ये राहिली. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली, तर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. गोव्याची वाट निराळी. तेथे १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता समाईक धरली. पेट्रुशिओच्या यादीतून पत्नी बाहेर पडली आणि यादीची सहमालक झाली, ही मोठी गोष्ट. पण त्याच संहितेने कारभार पतीच्या हाती ठेवला, हेही विसरू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तर शरीराला लागणाऱ्या माराबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचार म्हटले. ताट उचलणे, झोप मोडणे, कपडा दाखवून परत पाठविणे, आणि चारचौघांत आपल्या बायकोच्या आज्ञाधारकपणावर पैज लावणे: बचावाचा वकील 'हात तर उगारला नाही ना?' असे म्हणून आज यांतून अशिलाला सोडवू शकणार नाही.

तरीही हे नाटक गुंडाळून ठेवावे असे आम्ही म्हणणार नाही. पेट्रुशिओ निव्वळ दुष्ट असता तर तो केव्हाच विस्मृतीत गेला असता. त्याच्यात आपल्याला आवडावे असे बरेच आहे, आणि जे आवडते त्याच्याच पाठीवर बसून जे आवडू नये ते घरात शिरते, म्हणून तो अभ्यासण्यासारखा आहे. आपल्या ओळखीच्या अनेक कर्त्या, हसतमुख, घरासाठी झिजणाऱ्या पुरुषांत त्याचा अंश सापडतो. 'तिच्या भल्यासाठीच' हे शब्द त्यांच्याही तोंडी असतात, आणि पुष्कळदा ते प्रामाणिकपणे उच्चारलेले असतात.

अशा गृहस्थांसाठी आमचा सल्ला वकिलाचाच आहे, आणि तो फुकट आहे. आमच्या विवाहविधीत सप्तपदीचे सातवे पाऊल सख्याचे मानले आहे. अन्नाचे पाऊल पहिले येते, आणि सख्याचे सर्वांच्या शेवटी. अन्न अडवून सख्य मिळत नाही, हा अर्थ त्या क्रमातूनही काढता येईल. बॅप्टिस्टाने अट घातली होती आणि ती पुरी झाली काय हे विचारावयास तो विसरला. पेट्रुशिओनेही कॅथरिनेला शेकडो आज्ञा केल्या, पण 'तुला हे मान्य आहे का?' हा प्रश्न, तिचे उत्तर ऐकून घेण्याच्या तयारीने, एकदाही विचारला नाही. विचारला असता तर कदाचित उत्तर होकाराचेच आले असते, आणि मग त्याला पैज लावण्याची गरज पडली नसती.